कळल्याची तारीख

वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत प्रश्नांचा एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. सतरा प्रश्न होते. लग्न कुठे झालं, कोणत्या पद्धतीनं झालं, मुलं किती, दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिलात. सोळा उत्तरं माझ्या वहीत तयार होती, अनुक्रमांक घालून. सतरावा प्रश्न असा: जोडीदाराचे परस्त्रीशी संबंध असल्याचे अर्जदारास केव्हा व कसे कळले? तिथे मी म्हणाले, "हे घरी बघून सांगते."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील. बीडच्या कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. जिना चढताना खालच्या मशीनचा गरम वास येत राहतो. त्या म्हणाल्या, "ताई, हे वहीत बघायचं नसतं. बाईला ही तारीख पाठ असते."

मला पाठ होती. म्हणूनच मी ती सांगितली नाही.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे अकरा रजिस्टरं आहेत. गावात कोण जन्मलं, कोणाचं वजन घटलं, कोण गरोदर, कोण ऊस तोडायला कारखान्याला गेलं, सगळं माझ्या अक्षरात आहे. घरातही मी तशीच. बाजाराची यादी, लग्नाला जाताना न्यायच्या सामानाची यादी, सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या गोळ्यांची यादी. मुलगी म्हणायची, आई मरायच्या आधी दहाव्याची यादी करून जाईल. ती यादी खरंच आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

त्यामुळे नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा रडण्याआधी मी वही काढली. नोटिशीत लिहिलं होतं की पत्नीनं नोकरीच्या मोहापायी पतीचा सहवास सोडला, वारंवार बोलावूनही ती त्याच्यासोबत कामाच्या ठिकाणी गेली नाही, सबब पतीस घटस्फोट मिळावा. माझ्या हातात खिचडीचा डाव होता. तो पातेल्यात ठेवून मी ते दोनदा वाचलं. त्या वेळी तो माणूस चौसाळ्यात, हायवेच्या कडेला टायरच्या दुकानामागे खोली घेऊन दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. आणि कागदावर सोडून गेले होते मी.

आमच्याकडे अशा बाईसाठी दोन शब्द आहेत. नवऱ्यानं ठेवली नाही तर ती टाकलेली, आणि स्वतःहून राहिली नाही तर ती न नांदणारी. न नांदणारीला जास्त वाईट समजतात. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुणे पहिलं तेच विचारतात, आई नांदत कावून न्हाई. मला कोर्टाचा एक कागद हवा होता. हा माणूस दुसरीकडे गेला म्हणून संसार मोडला, आणि म्हणून या बाईला मोकळं केलं, एवढं त्यावर लिहिलेलं हवं होतं. वहीच्या पहिल्या पानावर मी तेच लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या भेटीला मी तेरा पुरावे घेऊन गेले. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली होती. मॅडमनी आधी मला कायदा समजावला. परस्त्रीशी संबंध हा आता गुन्हा राहिलेला नाही, पोलिसांत जाऊन काही होणार नाही; पण घटस्फोट मागायला ते कारण चालतं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोर्ट मागत नाही, असा साक्षीदार कुणाकडेच नसतो. पण परिस्थिती अशी दाखवावी लागते की शहाण्या माणसाला दुसरं काही वाटूच नये. आणि जिच्यावर आरोप करायचा तिलाही नाव घालून सामनेवाली करावं लागतं.

मग त्यांनी एकेक चिठ्ठी उचलली. पुरावा एक, फोटो. उसाच्या फडात दोघं शेजारी, त्याच्या हातात कोयता, तिच्या डोक्यावर मोळी. मॅडम म्हणाल्या, "ह्यात ते काम करतायत." पुरावा दोन, तो मला फोनवर "राहतो तिच्यासंगं, काय करायचं ते कर" असं म्हणाला त्याचं रेकॉर्डिंग. हे चांगलं आहे, मूळ फोन कुठे आहे? मूळ फोन मी मुलीला दिला होता, आणि देताना सगळं पुसून, स्वच्छ करून दिला होता. रेकॉर्डिंग मेमरी कार्डात काढून ठेवलं होतं, वर तारीख घालून. मॅडमनी कपाळाला हात लावला. ज्या फोनवर आवाज घेतला तो दाखवता आला नाही तर समोरचा म्हणणार, हा आवाज कुठून आणला. पुरावा तीन ते नऊ म्हणजे गावातल्या बायकांनी मला काय काय सांगितलं ते, वार-वेळेसह. ते सगळं ऐकीव. दहा आणि अकरा मुकादमाशी झालेलं बोलणं. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस. आमचा मुकादम साक्षीला येणार नाही हे त्यानं मला दारातच सांगितलं होतं. "वैनी, मी कोयते मोजतो. कोन कुनासंग निजतंय ते मोजायला मला कुनी ठिवलेलं न्हाई."

उरले दोन. चौसाळ्याच्या खोलीचा मालक, ज्याला त्यांनी आपण नवरा-बायको असल्याचं सांगितलं होतं आणि जो कोर्टात यायला तयार होता. आणि माझं स्थलांतर रजिस्टर.

मॅडमनी त्याची झेरॉक्स हातात घेतली. सलग तीन हंगाम एकाच ओळीत नवऱ्याचं नाव आणि त्या बाईचं नाव. त्या पहिल्यांदा खूश झाल्या. "सरकारी नोंद आहे. ह्यात काही अडचण नाही ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

इथे आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे दोघं: एकानं तोडायचं, दुसऱ्यानं गोळा करून मोळी बांधायची आणि वाहायची. बहुतेक ते नवरा-बायको असतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी मुकादम खुशीनं नेत नाही. ज्याची बायको येऊ शकत नाही तो बहीण, भावजय, नाहीतर गावातली कोणीतरी बाई सोबत घेतो. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत मी घरोघर फिरून यादी करते, म्हणजे गेलेल्या पोरांचा आणि गरोदर बायांचा माग राहतो. ती यादी कोयत्याप्रमाणेच लिहिली जाते. वर कोणी काही ठरवलेलं नाही, पण गाव तसंच सांगतं आणि आम्ही तसंच लिहितो.

लग्नानंतर तेरा हंगाम मीही त्याच्या कोयत्याचा अर्धा भाग होते. मुलगी पाठीला बांधून मोळ्या वाहिल्या आहेत. मग गावात सेविकेची जागा निघाली. मी बारावी झालेले होते. निवड झाली, मुलीची शाळा एका जागी झाली, आणि त्याच्या हंगामाचा प्रश्न उभा राहिला. तो एक आठवडा गप्प बसून होता. मुकादम दोनदा येऊन गेला. तेव्हा मी, नेहमीसारखी, वही काढली.

चार बायांची नावं लिहिली. एकीचं लेकरू अंगावर पीत होतं, ती खोडली. एक दुसऱ्या टोळीत ठरलेली होती. एकीचं तोंड फार होतं. चौथी उरली. तीस-बत्तिशीची, तलवाड्याला दिली होती, नवऱ्यानं दुसरी केली म्हणून भावाकडे परत आलेली. कामाला वाघीण, बोलायला मुकी. भाऊ आणि भावजय त्याच टोळीत जाणार होते, म्हणजे ती त्यांच्या कोपीत राहणार. कोपी म्हणजे तिथली ताडपत्रीची खोपटी. माझ्या हिशेबात सगळं बसलं. तिच्या दारात जाऊन मी विषय काढला. ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिनं एकच विचारलं.

"ताई, तुमाला चालंल का?"

"अगं, मीच म्हणतेय ना," मी म्हणाले.

पहिला हंगाम नीट गेला. त्याला जोडीदार मिळाला, मला नोकरी करता आली, मुलगी सातवीत पहिली आली. मला माझं कौतुक वाटलं, हे मी आता लिहून टाकते.

दुसऱ्या वर्षी तिच्या भावाच्या कमरेचं दुखणं निघालं आणि तो आणि भावजय गावातच राहिले. मी यादी करत करत शेवटी आमच्या घरी आले. आमचं घर मी नेहमी शेवटी लिहिते. निळ्या पेनानं नवऱ्याचं नाव लिहिलं. तो अंगणात कानशीनं कोयत्याला धार लावत बसला होता. मी म्हणाले, तिचा भाऊ तर येत नाही, मग ती कोणाच्या कोपीत राहणार? कानस चालतच होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मंग तू येतीस का?"

तो चिडला नव्हता. खरंच विचारत होता. मी त्याच्या नावापुढची जागा रिकामी सोडून खालच्या एकूण संख्या त्याच निळ्या पेनानं भरल्या, रजिस्टर मिटलं. दोन दिवस ते तसंच पडून होतं. त्या दोन दिवसांत मी काय विचार केला याची वहीत एक ओळ नाही. तिसऱ्या दिवशी यादी पाटोद्याला द्यायची होती. सकाळी हाताला काळा पेन लागला. मी तिचं नाव लिहिलं.

मग मला सुचला तो उपाय मी केला. सामानात एक ताडपत्री असते. मी दोन घातल्या. दुसरी नवी आणली, घडी करून सुतळीनं बांधली, माझे वडील पोत्याला मारायचे तशी दुहेरी गाठ मारली, आणि सुतळीखाली चिठ्ठी खोचली: सामान क्र. ७, दुसरी कोपी. एवढं केल्यावर मला वाटलं, आता झालं.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तेव्हा पाडव्याच्या आदल्या दिवशी टोळी परतली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंथरुणं उन्हात टाकत होते. ती आमच्या वाटणीचं सामान घेऊन आली. घमेलं, तवा, घोंगडी, आणि ताडपत्री. ताडपत्री तिनं माझ्या हातात दिली. घडी तशीच. गाठ तशीच. चिठ्ठीचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. मी चिठ्ठी काढली, ताडपत्री माळ्यावर टाकली आणि आत जाऊन चहा ठेवला.

ही ती तारीख.

त्यानंतर पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत तो घरी होता. मी त्याला जेवू घातलं, त्याचे कपडे धुतले, त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात जोडीनं आहेर केला. बोलले असते तर तो पुन्हा तेच म्हणाला असता, मग तू ये. मुलगी नववीला जाणार होती. माझी नोकरी ही पक्की धरून ठेवण्यासारखी एकच गोष्ट माझ्या आयुष्यात घडली होती. दसऱ्यानंतर मी तिसऱ्या वर्षीची ओळ लिहिली, एका दमात. त्या हंगामानंतर तो परत आलाच नाही. चौसाळ्यात उतरला. पिठाच्या गिरणीत एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमी लिवलेली जोडी लई टिकली की." गिरणीचा आवाज मोठा होता, मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आणि मॅडमच्या सतराव्या प्रश्नापुढे मी लिहिलं: अक्षय तृतीयेच्या आधीच्या सोमवारी, चौसाळ्यातील खोलीबाबत गावकऱ्यांकडून कळले. खरी तारीख त्याआधी एक वर्षाची होती. मी न विचारताच मॅडमनी सांगितलं होतं की कळल्यानंतर बाई नवऱ्याबरोबर राहिली तर कोर्ट म्हणतं तिनं पोटात घातलं. कायद्यात त्याला माफी म्हणतात. मग त्या जोरावर घटस्फोट मागता येत नाही. माफीनंतर त्यानं पुन्हा तेच केलं तर वाद घालता येतो, पण तो लांबचा रस्ता. मी मान डोलावली आणि शपथपत्रावर सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी नोंद खोटी केली आणि तीही चांगल्या अक्षरात.

अर्ज दाखल झाला. त्याचा आणि माझा, दोन्ही एकत्र चालणार असं ठरलं. मग एका दुपारी, पोरं घरी गेल्यावर, ती अंगणवाडीच्या दारात आली. हातात कोर्टाचं पाकीट. आमच्या गावात कोणताही कागद आला की लोक माझ्याकडे वाचायला आणतात. बँकेचा, शाळेचा, दवाखान्याचा. ती दोन वर्षं गावात राहत नव्हती, तरी कागद घेऊन माझ्याकडेच आली.

"ताई, ह्यात माझं नाव हाय म्हंत्यात. वाचून दावा."

मी तिला पाणी दिलं. पोरांच्या छोट्या बाकावर ती अंग चोरून बसली. मी मांडलेला, माझ्या सहीचा अर्ज मी तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. सामनेवाली क्रमांक दोन आलं तेव्हा तिनं विचारलं, हे म्हणजे मी का? मी हो म्हणाले. सतराव्या परिच्छेदाशी, जिथे मला केव्हा कळलं ते लिहिलं होतं, तिथे तिनं हात वर केला, पोरं करतात तसा.

"तुमाला चालंल का म्हून मी इचारलतं," ती म्हणाली. "आन ती ताडपत्री. वाटंत फेकून द्यायला मला काय झालतं? पर मी तशीच आनून तुमच्या हातात दिली. मनलं, ताईला कळू दे, मंग ताई म्हनंल ते. तुमी गाठ बघितली. चिठ्ठी काढून घेतली. आन आत गेल्या." तिनं पाण्याचा पेला बाकावर ठेवला. "मला वाटलं, चाललं."

मी तिला सवयीनं पुढचं समजावून सांगितलं. कोणत्या तारखेला, कोणत्या मजल्यावर, कागद सोबत ठेवायचा, नाव पुकारलं की आत जायचं. ती मान हलवत राहिली. कोर्टात ती एकदाही आली नाही. ताडपत्रीचं माझ्याशिवाय कोणीही बोलू शकणार नव्हतं, आणि हे माझ्या सोयीचं होतं.

माझी साक्ष होईपर्यंत अडीच वर्षं गेली. खोलीमालकानं त्याची साक्ष खणखणीत दिली होती. मॅडम म्हणाल्या, आता फक्त तुमचा उलटतपास, न घाबरता हो किंवा नाही म्हणा. समोरच्या वकिलांनी अर्ज देऊन रजिस्टरची मूळ प्रत मागवली होती. ते नेहमीचंच असतं, मॅडम म्हणाल्या. मी मूळ रजिस्टर कापडी पिशवीतून नेलं. एस.टी.त ते मांडीवर धरून बसले होते तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. झेरॉक्समध्ये सगळं काळंच दिसतं.

वकील मऊ आवाजाचे होते. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"पतीचं नाव निळ्या शाईत आहे. त्यापुढचं नाव काळ्या शाईत. निळा पेन संपला होता का?"

मॅडमनी एकदम वर पाहिलं. त्यांनी हे आधी पाहिलेलं नव्हतं. नवरा मागच्या बाकावर होता, चप्पल काढून, पाय जवळ घेऊन. तो माझ्याकडे बघत नव्हता, पण त्या दोन दिवसांची गोष्ट त्याच्याशिवाय वकिलांना कोण सांगणार? हो म्हटलं असतं तर सुटले असते असं वाटत होतं. पण खालच्या एकूण संख्या निळ्याच होत्या. पानावर बोट ठेवून कोणीही दाखवलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "ते नाव मी दोन दिवसांनी लिहिलं."

"का?"

"तिचा भाऊ येणार नव्हता म्हणून."

"म्हणजे तुम्हाला संशय आला होता."

"हो."

"तरी नाव लिहिलंत. पतीनं तुम्हाला सोबत चला असं म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

"तुम्ही गेला नाहीत."

"नाही."

न्यायाधीश साहेब प्रत्येक उत्तर टायपिस्टला सांगत होते. आमच्या बोलण्याचं तिथे दुसरंच मराठी होतं. हे म्हणणे खरे आहे की, मला त्याच वेळी संशय आला होता. हे म्हणणे खरे आहे की, तरीही मी नाव लिहिले. मग साहेबांनी स्वतःच मला विचारलं, आवाज न चढवता. "बाई, संशय वेगळा, खात्री वेगळी. खात्री कधी झाली?"

अर्जातली तारीख सांगायची होती. अक्षय तृतीयेच्या आधीचा सोमवार. मॅडम तेवढ्यासाठीच श्वास धरून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र छोट्या बाकावर अंग चोरून बसलेली ती होती.

"त्या हंगामानंतरच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले. "ताडपत्री न सोडता परत आली तेव्हा."

साहेबांना कळलं नाही. मग मी दोन कोप्या, दुसरी ताडपत्री, गाठ, चिठ्ठी, सगळं क्रमानं सांगितलं. टायपिस्टनं ताडपत्री शब्द दोनदा विचारला. समोरच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला घाई केली नाही. त्यानंतर तो सहा महिने घरी राहिला हे खरं का, जेवण-खाण एकत्र होतं हे खरं का, त्याला जाब विचारला का. खरं, खरं, नाही. मी जबाब वाचला, एका जागी काना राहिला होता तो दाखवला आणि सही केली. मागे वळले तेव्हा नवरा पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ताडपत्रीचं मला ठाऊक होतं हे त्याला तोवर माहीत नसावं.

बाहेर आल्यावर मॅडमनी आधी फाइलची नाडी बांधली. मग म्हणाल्या, "ताई, मला तरी सांगायचं होतंत." मी म्हणाले, तुम्ही म्हणाला होतात ना, बाईला पाठ असते. त्यांना हसू आलं नाही आणि मलाही नाही.

निकाल सात महिन्यांनी लागला. निकालात मुद्द्यांचा एक तक्ता असतो, पुढे निष्कर्षाचा रकाना. माझ्यासारखीला तेवढंच आधी दिसतं. सामनेवाल्याचे परस्त्रीशी संबंध असल्याचे अर्जदार सिद्ध करते काय: होय. अर्जदाराने ते कळूनही मान्य केले काय: होय. पत्नीने पतीचा त्याग केल्याचे पती सिद्ध करतो काय: नाही. आदेश: दोन्ही अर्ज नामंजूर. खाली कोठेतरी असंही होतं की माफीनंतर तेच पुन्हा घडल्याची मागणी अर्जात केलेली नाही. करता आलीच नसती. त्यासाठी आधी माफीची तारीख लिहावी लागली असती.

मुलगी बीडला नर्सिंग करते. तिनं तो तक्ता दोनदा वाचला. "आई, म्हणजे सिद्ध झालं?"

"झालं."

"आणि तरी तू त्याचीच बायको?"

"हो."

तिनं कागद घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. बसस्टँडपर्यंत माझा हात धरून चालली. लहानपणी रस्ता ओलांडताना मी धरायचे तसा.

त्या रात्रीपासून मला झोप लागत नाही असं नाही. लागते. उठल्यावर छातीवर काहीतरी ठेवलेलं असतं आणि मी त्याचं नाव शोधत पडून राहते. मी सगळ्याच मुद्द्यांवर हरले असते तर बरं झालं असतं असं कधी वाटतं. तो खोटं बोलला, कोर्टानं मानलं, असं सांगता आलं असतं. गिरणीत सांगायला तेवढं पुरलं असतं. त्याच्या नोटिशीत लिहिलं होतं की हिनं नोकरीसाठी नवरा सोडला. कोर्ट म्हणालं, सिद्ध होत नाही. कोर्टाकडे ते दोन दिवस नाहीत, निळ्या आणि काळ्या शाईच्या मधले. ते माझ्याकडे आहेत.

मॅडमचा फोन येतो. अपिलाची मुदत चालू आहे, माफीनंतरच्या वर्षाचा मुद्दा वर नेता येईल, पुन्हा नव्यानं पुरावे लागतील. मी वहीत लिहून ठेवलं आहे. अजून खूण केलेली नाही.

यंदा दसऱ्यानंतर यादीला निघाले. ते दोघं टोळीबरोबर जायला चौसाळ्याहून गावात आले होते, तिच्या भावाच्या ओसरीवर सामान बांधत होते. मी रजिस्टर उघडलं. तो उठून बैलांकडे गेला. ती उभी राहिली आणि तिनं पदर सारखा केला. मी त्याचं नाव लिहिलं आणि त्याच ओळीत, पेन न उचलता, तिचं. मग विचारायचं ते विचारलं: सोबत मूल आहे का, कोणी आजारी आहे का, कोपी एक की दोन. शेवटचा प्रश्न रजिस्टरमध्ये नसतो.

"एक," ती म्हणाली.

मी ते समासात लिहिलं, खाली तारीख घातली आणि पुढच्या घरी गेले. आमचं घर नेहमीसारखं शेवटी केलं. कुटुंब रजिस्टरमध्ये त्याच्या नावाखाली माझं नाव आहे, नात्याच्या रकान्यात पत्नी. दर वर्षी ते पान तपासून सही करावी लागते. केली.